वर्दी जाळल्यानंतर



या मालिकेसाठी फोन आला तेव्हा संयोजकांची अपेक्षा होती की मी कारगिलवर किंवा सियाचेनवर बोलेन. निवृत्त फौजी म्हटला की लोकांना तेवढंच आठवतं. मी म्हटलं, एका सिनेमावर बोलतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, बरं, बोला. तर त्यांचे आधी आभार.

सिनेमाचं नाव 'दीपन'. दिग्दर्शक जाक ओदियार, फ्रेंच माणूस. २०१५ साली कानच्या महोत्सवात याला पाम द'ओर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पण फ्रेंच सिनेमा असला तरी त्यातली माणसं बरीचशी तमिळ बोलतात, तेही जाफनाकडचं तमिळ, आणि म्हणूनच मी तो पाहिला. मी महूला राहतो. मुलगी पुण्यात असते, तिने पाठवला. तिला वाटलं, बाबा श्रीलंकेत होते, त्यांना आवडेल. आवडला असं म्हणता येणार नाही. मी तो चार वेळा पाहिलाय, एवढं खरं.

आधी गोष्ट सांगतो. २००९ साल, श्रीलंकेचं यादवी युद्ध संपतंय. एलटीटीईचा, म्हणजे वाघांचा, एक लढवय्या ताडाच्या झावळ्या तोडून मेलेल्या साथीदारांवर रचतो आणि चिता पेटवतो. मग स्वतःची वर्दी उतरवून त्याच आगीत टाकतो. त्याचं नाव शिवदासन. बायको आणि मुली युद्धात गेल्या. निर्वासितांच्या छावणीत त्याला एका मेलेल्या माणसाचा पासपोर्ट मिळतो, त्यावर नाव असतं दीपन. त्या दीपनला बायको होती, मुलगी होती, त्यांचेही पासपोर्ट आहेत. मग यालिनी नावाची एक तरुणी छावणीभर फिरून अनाथ मुलगी शोधते. आई नसलेली एक सापडते, नऊ वर्षांची, इळयाळ. तीन परके लोक तीन मेलेल्यांची नावं घेऊन कुटुंब म्हणून फ्रान्सला जातात.

हे सगळं पहिल्या काही मिनिटांत होतं, आणि पहिल्या वेळी मी तिथेच थांबवला. कारण ती चिता. माझ्या माहितीतले वाघ आपले मेलेले जाळत नसत, पुरत असत. ते हिंदू घरांतले, तरी पुरत. त्यांच्या खास दफनभूमी होत्या, ओळीने थडगी, आणि दरवर्षी नोव्हेंबरात तिथे दिवे लागत. माणूस पेरला आहे, अशी त्यामागची कल्पना. युद्ध संपल्यावर श्रीलंकेच्या सैन्याने त्यातल्या बऱ्याच दफनभूमी बुलडोझर फिरवून सपाट केल्या. तेव्हा हा माणूस जाळतो याचा अर्थ मी असा घेतला की आता पेरण्यासारखं काही उरलं नाही, हे त्याला कळलंय. दिग्दर्शकाने एवढा विचार केला होता का, मला माहीत नाही. मला दिसलं ते सांगितलं.

आता मी कोण, ते सांगायला हवं. १९८८ ते ९० मी इंडियन पीस कीपिंग फोर्समध्ये होतो. सत्तावीस वर्षांचा कॅप्टन. पलटणीचं नाव घेत नाही, माझे सगळे सोबती हयात नाहीत आणि जे आहेत त्यांनी मला बोलायला सांगितलेलं नाही. वावुनियाच्या उत्तरेला वन्नीचं जंगल आहे, तिथे आमच्या पोस्ट होत्या. रोज सकाळी रस्ता तपासायचा, सुरुंग शोधायचे, संध्याकाळी मोजणी करायची, सगळे परत आले का.

तरुण ऐकणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९८३च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध भयानक दंगल झाली. त्यानंतर आपल्या देशाने तमिळ तरुणांच्या अनेक गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिलं, हत्यारं दिली. त्यात वाघही होते. २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, आणि आपली फौज गेली शांतता राखायला. लोकांनी हार घातले. ऑक्टोबरमध्ये त्याच वाघांशी आपली लढाई जुंपली. ज्यांना आपण बंदूक धरायला शिकवलं, त्यांच्या गोळ्या आपण खाल्ल्या. अकराशेहून अधिक जवान गेले. मेजर रामास्वामी परमेश्वरन, ८ महार, परमवीर चक्र, २५ नोव्हेंबर १९८७. हे नाव तरी मराठी माणसाला ठाऊक असावं. जन्म मुंबईचा, आणि रेजिमेंट महार.

पुढचं त्याहून विचित्र. १९८९मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना भारतीय फौज नको होती, म्हणून त्यांच्या सरकारने वाघांनाच हत्यारं पुरवली, आमच्याविरुद्ध. आम्ही मार्च १९९०मध्ये निघालो. जूनमध्ये वाघ आणि श्रीलंका सरकार पुन्हा एकमेकांच्या उरावर. १९९१मध्ये वाघांनी राजीव गांधींना मारलं, १९९३मध्ये प्रेमदासांना. २००४मध्ये वाघांचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटला आणि पुढे सरकारात मंत्री झाला. आता सांगा, या सगळ्यात निष्ठा कोणाची बदलली नाही?

तमिळमध्ये एक शब्द आहे, 'तुरोगी'. आपल्याच 'द्रोही'चं ते तमिळ रूप. हा शब्द तिकडे एकदा कोणाला चिकटला की त्याचे दिवस भरले. जाफनाचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा, १९७५. अमृतलिंगम, १९८९, कोलंबोत. रजनी तिरणगम, जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. आमच्या फौजेच्या अत्याचारांबद्दलही त्यांनी लिहिलं होतं आणि वाघांबद्दलही. सप्टेंबर १९८९मध्ये सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा मी त्याच बेटावर होतो. बातमी आली तेव्हा आमच्या मेसमध्ये कोणीतरी विचारलं, या कोण? मलाही माहीत नव्हतं. त्यांनी आमच्याबद्दल काय लिहिलं होतं ते मी फार उशिरा वाचलं. वाचून राग आला होता. आता येत नाही.

तर अशा ठिकाणचा हा शिवदासन. वाघांच्या गळ्यात सायनाइडची कुपी असायची. संघटना सोडायची म्हणजे मरायचं, हा हिशेब. आणि तो वर्दी जाळून चालता होतो.

फ्रान्समध्ये आधी तो रस्त्यावर लुकलुकणाऱ्या दिव्यांची खेळणी विकतो. मग पॅरिसबाहेरच्या एका वस्तीत त्याला काम मिळतं. मोठमोठ्या जुनाट इमारती, आणि तो तिथला राखणदार. झाडलोट, टपाल वाटणं, दिवे बदलणं. समोरच्या इमारतीत अमली पदार्थांचा धंदा करणारी पोरं. छतावर त्यांचे पहारेकरी. यालिनी एका आजारी म्हाताऱ्याचा स्वयंपाक आणि देखभाल करायला जाते, आणि त्याच घरात त्या टोळीचा म्होरक्या राहतो, नुकताच तुरुंगातून सुटलेला.

इथे फौजी माणसाला जे दिसतं ते सांगतो. हा दीपन झाडू मारताना सुद्धा आधी छताकडे बघतो. जिन्यात शिरण्याआधी क्षणभर थांबतो. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण लग्नाच्या हॉलमध्ये गेलो की अजून भिंतीला पाठ लावून बसतो आणि दारं मोजतो. बायको चिडवते. हे काम करणारा नट शिकवून येत नाही. तो आलेला नव्हताच. दीपनचं काम करणारे अँटनीदासन जेसुदासन हे स्वतः किशोरवयात वाघांमध्ये होते. काही वर्षांत बाहेर पडले, देश सोडला, १९९३मध्ये फ्रान्सला पोहोचले. पडेल ती कामं केली, आणि शोभाशक्ती या नावाने तमिळमधले मोठे लेखक झाले. 'गोरिल्ला' ही त्यांची कादंबरी. या सिनेमाच्या आधी ते व्यावसायिक नट नव्हते.

आता सिनेमाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग. पॅरिसमध्ये वाघांचा एक जुना कर्नल असतो, चेरन. युद्ध संपलंय, प्रभाकरन मेलाय, पण याच्या डोक्यातलं संपलेलं नाही. तो दीपनला बोलावतो, पुन्हा हत्यारांसाठी पैसे उभे करायचेत, तू मदत कर. दीपन म्हणतो, माझ्यापुरतं युद्ध संपलं. कर्नल त्याला मारतो. आणि दीपन, जो त्या म्हाताऱ्याला एका हाताने आडवा करू शकला असता, तो मार खातो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो भित्रा वाटला. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की वरिष्ठावर हात उचलला असता तर तो अजून त्याच्याच फौजेत राहिला असता, बंडखोर शिपाई म्हणून का होईना. मार खाऊन तो बाहेर पडला. त्यानंतर तो घरी दारू पितो आणि जुनं लढाईचं गाणं एकट्याने मोठमोठ्याने म्हणतो. सुटला आणि सुटलाही नाही. आमच्याकडे पलटणीच्या वाढदिवसाला म्हातारे सुभेदार साहेब येतात, तिसऱ्या पेगनंतर त्यांचं काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

पण मग त्याची निष्ठा गेली कुठे? ती त्या दोन परक्या बायकांकडे गेली. बायका म्हणजे एक तरुणी आणि एक पोर. यालिनीला तर सुरुवातीला या दोघांशी काही देणंघेणं नाही, तिला इंग्लंडला नातेवाइकाकडे पळायचंय. एका प्रसंगात ती मुलगी शाळेच्या दारात तिला म्हणते, बाकीच्या आया मुलींचा पापा घेतात, तूही घे. यालिनीला ते जमत नाही. तिला आई व्हायची सवय नाही, तिला फक्त कागदावर आई व्हायचं होतं. हळूहळू मात्र ते कागदावरचं नातं अंगवळणी पडतं.

लोक विचारतात, असं खोटं कुटुंब खरं कसं होईल? मला यात काहीच नवल वाटलं नाही. फौजेत दुसरं काय होतं? मी कोल्हापूरकडचा. माझ्या प्लाटूनमध्ये गढवालचा, भिवानीचा, कोट्टयमचा पोरगा. सरकारी कागदाने शेजारी आणून उभे केलेले. सहा महिने एकाच डेगचीतली डाळ खाल्ली, रात्री आळीपाळीने जागलो, आणि मग त्यातला एक जखमी झाल्यावर बाकीचे उघड्यावर धावत गेले. त्या क्षणी देश, झेंडा वगैरे कोणाच्या डोक्यात नसतं. शेजारचा माणूस असतो. म्हणून दीपन वाघांना सोडून या दोघींचा झाला, याला मी फितुरी म्हणणार नाही. शेजारचा माणूस बदलला, एवढंच.

एक पांढरी रेघ आहे सिनेमात. वस्तीत गोळीबार झाल्यावर दीपन दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत सरळ पांढरी रेघ ओढतो. इथून पुढे गोळीबार चालणार नाही, नो फायर झोन. पोरं हसतात त्याला. फ्रेंच प्रेक्षकालाही ते वेडेपण वाटलं असेल. पण २००९मध्ये श्रीलंका सरकारने वन्नीत अशाच रेघा नकाशावर ओढल्या होत्या, जानेवारीत एक, फेब्रुवारीत दुसरी, मेमध्ये तिसरी, प्रत्येक वेळी जागा आणखी लहान. लाखो माणसं त्यात कोंडली. तिथे तोफगोळे पडले, आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांवर वाघांनी गोळ्या झाडल्या. दीपन त्यातून आलाय. रेघ पाळली जात नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, आणि तरी तो ओढतो.

इथे माझी सिनेमाबद्दल एक तक्रार आहे. शिवदासनने वाघ असताना काय केलं, ते हा सिनेमा विचारत नाही. वाघांनी घराघरातून पोरं ओढून नेली, हा माणूस त्यात होता का? आपल्याला तो फक्त थकलेला दिसतो. थकलेल्या माणसाची दया येते, आणि येऊ द्यावी. पण हिशेब बाकी राहतो. शेवटाबद्दलही बऱ्याच समीक्षकांनी नाक मुरडलं. यालिनी संकटात सापडते, आणि दीपन कोयता घेऊन धुराने भरलेला जिना चढतो, वाटेत येईल त्याला मारत. मग एकदम इंग्लंड, ऊन, बाग, कडेवर बाळ. मला तो जिना पटला. हात विसरत नाहीत. बाग पटली नाही. काही जण म्हणतात ते स्वप्नच आहे. असेल.

आता ज्यासाठी मी हे बोलायला घेतलं, ते.

आमच्या पोस्टवर एक दुभाषा होता. वीस-एकवीसचा. आम्ही सगळे त्याला तंबी म्हणायचो, म्हणजे धाकटा भाऊ. तो आधी टेलो या गटात होता, आणि त्याचं प्रशिक्षण आपल्याकडे, उत्तरेत कुठेतरी डोंगरात झालं होतं. त्याला हिंदी यायचं ते सगळं कवायतीचं. सावधान, विश्राम, पीछे मुड. जेवायला बसलेल्या जवानांना तो 'आराम से' ऐवजी 'विश्राम' म्हणायचा आणि सगळे हसायचे. १९८६मध्ये वाघांनी टेलोचा खातमा केला, शेकडो पोरं मारली, तेव्हा हा एका विहिरीत दोन दिवस लपून वाचला. मग आम्ही आलो, आणि तो आमच्याकडे आला. त्याची निष्ठा कोणाशी होती? एकदा मी विचारलं. तो म्हणाला, सर, माझी आई वावुनियात आहे. मला वाटलं, त्याला प्रश्न समजला नाही.

त्याच्यामुळे आमचे किमान दोन सुरुंग वेळेत सापडले. गावातली बाई बोलता बोलता कुठल्या वाटेने जाऊ नका असं सुचवायची, ते त्याला कळायचं, आम्हाला नाही.

परत जायचं ठरलं, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याला एक चिठ्ठी हवी होती. मी या माणसाबरोबर काम केलंय, हा विश्वासू आहे, एवढंच लिहून सही. त्या कागदावर मद्रासला बोटीत जागा मिळेल अशी त्याला आशा होती. काहींना मिळालीही. ईपीआरएलएफचे बरेच लोक तेव्हा भारतात आले, त्यांचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांना आपण पुढे राजस्थानात ठेवलं होतं. पण ती मोठी माणसं. मी वर विचारलं. उत्तर आलं, असे कागद देण्याचा तुला अधिकार नाही. मी तंबीला सांगितलं, चिठ्ठी खिशात सापडली तर वाघ तुला जागेवर मारतील, त्यापेक्षा नसलेली बरी. ते खरंही होतं. पण मी दिली नाही त्याचं ते कारण नव्हतं. कारण ते होतं की मला परवानगी नव्हती, आणि मी परवानगीशिवाय सही करणारा अधिकारी नव्हतो.

त्याने वाद घातला नाही. 'ठीक आहे सर' म्हणाला, आणि सवयीने सॅल्यूट केला.

मद्रास बंदरात आमच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नव्हते, याचा आम्हाला फार राग होता. महिनोन्महिने तेच बोलत होतो. तंबीबद्दल आम्ही कोणी बोललो नाही.

सिनेमात आश्रयाची मुलाखत आहे. समोर फ्रेंच अधिकारी, मध्ये तमिळ दुभाषा. दीपन पाठ केलेली खोटी गोष्ट सांगतो. दुभाषा भाषांतर करता करता थांबतो आणि तमिळमध्ये त्याला त्याचं खरं नाव विचारतो. मग काय सांगायचं ते त्याला सांगतो. अधिकाऱ्याला काही कळत नाही. दुभाष्याने स्वतःच्या अधिकारात केलेली ती एक चिठ्ठीच आहे. चार वेळा सिनेमा पाहिला तो खरं तर या प्रसंगासाठी.

दीपनचं काम करणारे गृहस्थ साधारण तंबीच्याच वयाचे. चेहरा वेगळा आहे. तरी सुरुवातीला छावणीची गर्दी दिसते तेव्हा मी मागच्या रांगांकडे बघतो.

तंबीचं पूर्ण नाव माझ्या जुन्या डायरीत आहे. आईचं गावही आहे. गेल्या वर्षी मुलगी म्हणाली, बाबा, आता शोधता येईल, निदान चौकशी करता येईल. मी तिला अजून डायरी दिलेली नाही. या आठवड्यात देतो म्हणालोय.

सिनेमा मिळाला तर पाहा. डबिंग नको, मूळ आवाजातच पाहा, खाली अक्षरं वाचावी लागली तरी चालतील.